दूरस्थ सभासदत्व : वायमारच्या गटे-मंडळाचे उदाहरण

ग्रंथकाराच्या नावाने स्थापन झालेल्या मंडळाचा विचार करताना त्याचे कार्यालय, सभा व पदाधिकारी यांकडेच सामान्यतः लक्ष जाते. परंतु अशा मंडळांचे पुष्कळसे सभासद सभेला कधीच उपस्थित नसतात. ते परगावी वा परदेशी राहतात, वर्गणी पाठवितात आणि मंडळाची प्रकाशने वाचतात. हे सभासदत्व नाममात्र समजावयाचे की खरे, हा प्रश्न विचारार्ह आहे. शाकुंतलाच्या प्रशस्तीमुळे मराठी वाचकांस परिचित असलेल्या जर्मन कवी गटे याच्या नावाने चालणाऱ्या मंडळाचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे.

गटेचा अखेरचा वंशज, त्याचा नातू वाल्टर, एप्रिल १८८५ मध्ये निधन पावला. मृत्युपत्रान्वये घराण्याची सारी हस्तलिखिते वायमारची ग्रँड डचेस सोफी हिच्याकडे आली आणि त्याच वर्षी जून महिन्यात वायमार येथे गटे-मंडळ स्थापन झाले. आजवर कुलुपात असलेले हे धन आता वाचकांपर्यंत पोहोचावयाचे होते. मंडळाने सभासदांसाठी ग्रंथमाला सुरू केली. तिचा पहिला ग्रंथ गटेच्या आईने डचेस आना आमालिया हिला लिहिलेल्या पत्रांचा होता. लुडविग गायगर यांनी १८८० पासून चालविलेले गटे-वार्षिकही सभासदांकडे जाऊ लागले. वायमारमध्ये राहणारा सभासद जे पत्र वाची, तेच शेकडो मैलांवरचा सभासदही वाची. दूरस्थ सभासदाच्या दृष्टीने हे मुद्रित पृष्ठ म्हणजेच मंडळाची सभा होय.

तथापि वाचन हे सभासदत्वाचे एक अंग झाले. दुसरे अंग म्हणजे सभासदांच्या यादीतील नाव. वाचन वाचकाच्या स्वाधीन असते. यादी मात्र केंद्रस्थानी बसलेल्यांच्या हाती असते. हा भेद किती गंभीर आहे, हे १९३८ साली दिसून आले. त्या वर्षी नाझी राजवटीत मंडळातून ज्यू सभासदांना वगळण्यात आले. वस्तुतः मंडळाचे पहिले अध्यक्ष एडुआर्ड फॉन सिमसन हे ज्यू कुटुंबात जन्मून बालपणी ख्रिस्ती झालेले गृहस्थ होते आणि १९१३ पर्यंत वार्षिकाचे संपादन करणारे गायगर स्वतः ज्यू होते. ज्यांच्या परिश्रमांनी दूरचे वाचक एकत्र आले, त्यांच्याच समाजाला मंडळाचे दार बंद झाले. वगळलेल्यांपैकी कोणाचाही गटेशी असलेला संबंध त्यामुळे तुटला असे म्हणता येणार नाही. तुटला तो मंडळाने त्यांच्याशी मान्य केलेला संबंध.

पुढील काळाचे चित्र निराळे आहे. १९४९ मध्ये जर्मनीची दोन राज्ये झाली व वायमार पूर्वेकडील राज्यात राहिले. १९६१ मध्ये बर्लिनची भिंत उभी राहिली. अनेक संस्था या काळात दुभंगल्या. गटे-मंडळ मात्र, शासनाचे दडपण असतानाही, दोन्ही राज्यांतील सभासदांचे एकच मंडळ म्हणून १९९० च्या एकीकरणापर्यंत टिकले. पश्चिमेकडील सभासदाला वायमारच्या अधिवेशनास जावयाचे तर शासनाची अनुमती लागे. म्हणजे अंतर पूर्वीपेक्षा वाढले होते. परंतु यादी एकच होती व वार्षिकही एकच होते.

या दोन प्रसंगांची तुलना केली असता असे दिसते, की सभासदाला मंडळापासून दूर करणारी गोष्ट भौगोलिक अंतर ही नव्हे. १९३८ मध्ये वायमारमध्येच राहणारा ज्यू वाचकही मंडळाबाहेर पडला; १९६१ नंतर भिंतीपलीकडचा वाचक आत राहिला. यावरून दूरस्थ सभासदत्व नाममात्र नसते, हे स्पष्ट होते. त्याचे अर्धे सत्त्व वाचकाच्या निष्ठेत आहे व ते त्याला कोठेही राखता येते. उरलेले अर्धे, जे सभेत बसतात त्यांनी अनुपस्थितांची नावे राखण्यावर अवलंबून असते. मंडळाच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्याने म्हणूनच अधिवेशनांच्या वृत्तांताबरोबर सभासदांच्या याद्याही पाहिल्या पाहिजेत, आणि त्यांतून कोणती नावे केव्हा नाहीशी झाली, हे विशेषेकरून पाहिले पाहिजे.