स्टाफाला जायचे, तर एक दिवस समुद्रासाठी ठेवा



येत्या जुलैत आपल्या वर्गाची सहल स्कॉटलंडच्या स्टाफा बेटावर न्यायची असे गेल्या पालकसभेत ठरले. ‘तुम्ही जाऊन आला आहात, तेव्हा माहिती तुम्हीच लिहा,’ असा हुकूम आम्हाला झाला. खरे सांगायचे तर आम्ही गेलो होतो, पण स्टाफावर पाऊल ठेवलेच नाही. का ते आधी सांगतो, कारण सहलीचे सगळे गणित त्यातच आहे.

स्टाफा हे आयल ऑफ मलच्या पश्चिमेचे एक लहान, निर्मनुष्य बेट. (मुलांनो, नावाला हसून घ्या आणि पुढे वाचा!) लाव्हा थंड होताना तडकत गेला आणि त्याचे बहुतेक षटकोनी असे उंच खांब तयार झाले. असेच बेसॉल्टचे खांब मुंबईत अंधेरीच्या गिल्बर्ट टेकडीवर आहेत. स्टाफावर या खांबांमध्ये समुद्राने एक गुहा कोरली आहे, तिचे नाव फिंगल्स केव्ह. जर्मन संगीतकार मेंडेल्सन १८२९ साली इथे आला होता. त्या सफरीतून त्याला ‘द हेब्रिडीज’ ही रचना सुचली.

जायचे कसे? ओबनहून मोठ्या फेरीत गाडीसकट चढायचे. साधारण पाऊण तासात मलवरचे क्रेग्न्यूर येते. तिथून सुमारे ६० किलोमीटर रस्ता, तोही बराचसा एकपदरी. समोरून गाडी आली की बाजूच्या जागेत थांबायचे, म्हणून दीड तास धरावा. रस्ता संपतो तिथे फिनफोर्ट. तिथून लहान बोट स्टाफाला जाते. स्टाफाला बंदर नाही. उघड्या खडकाला लागून एक लहानसा धक्का आणि पायऱ्या, एवढेच.

गेल्या जुलैत पुण्याहून आजी आल्या होत्या. आम्ही चार दिवसांचा बेत आखला आणि स्टाफा ठेवले शेवटच्या दिवशी, शेवटचा घास गोड म्हणून. त्या सकाळी लख्ख ऊन, धक्क्यावरचा झेंडा जेमतेम हलत होता. बोटवाला म्हणाला, आज स्टाफावर उतरता येणार नाही, फेरी रद्द. आम्ही खिशातून हवामानाचा कागद काढला आणि वारा फक्त ‘फोर्स ३’ आहे हे त्याला पटवू लागलो. मुले बघत होती. त्याने सगळे ऐकून घेतले आणि लांबच्या एका खडकाकडे बोट दाखवले. दर दहा-बारा सेकंदांनी त्याच्यावर पाण्याचा पांढरा डोंगर चढत होता.

आजींचे माहेर हर्णैचे. त्या म्हणाल्या, “तांडेल नाही म्हणाला की नाही. आमच्याकडे नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय होड्या पाण्यात घालत नसत. चला, चहा घेऊ.” त्याच संध्याकाळी परतीची फेरी होती आणि तीन दिवसांनी आजींचे विमान.

आमची चूक कुठे झाली? घरी येऊन आम्ही तिचा हिशेब मांडला.

वारा आणि लाट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लाट किती मोठी होणार हे तीन गोष्टींवर ठरते: वारा किती जोराचा, किती वेळ वाहिला आणि पाण्याच्या किती लांब पट्ट्यावरून वाहिला. अटलांटिकमध्ये दूर कुठे वादळ झाले, तर तिथल्या लाटा वारा थांबल्यावरही पुढे प्रवास करत राहतात. अशा लाटांना ‘स्वेल’ म्हणतात. दोन शिखरांमध्ये १० सेकंदांचे अंतर असलेल्या स्वेलची ऊर्जा खोल समुद्रात ताशी सुमारे २८ किलोमीटर वेगाने सरकते. म्हणजे १,३५० किलोमीटरवर झालेल्या वादळाच्या लाटा आपल्याकडे दोन दिवसांनी पोचतात, मग इथे ऊन का पडलेले असेना! शिवाय लाटेची उंची दुप्पट झाली की ऊर्जा चौपट होते. अशी लाट खोल पाण्यात बोटीला नुसती वरखाली करते, पण धक्क्याशी तीच बोट मीटरभर वर उचलून खडकावर आपटू शकते. म्हणून कधी कधी बोट बेटापर्यंत जाते, पण माणसे उतरत नाहीत.

या देशाने समुद्राचा अंदाज सांगणे फार मोठी किंमत देऊन शिकले. १८५९ साली अँगलसीच्या किनाऱ्यावर ‘रॉयल चार्टर’ हे जहाज वादळात फुटले आणि चारशेहून अधिक माणसे बुडाली. त्यानंतर फिट्झरॉय या अधिकाऱ्याने १८६१ पासून वादळाचे इशारे देणे सुरू केले. आज रेडिओ फोरवर लागणारे ‘शिपिंग फोरकास्ट’ त्याच परंपरेतले. त्यात समुद्राचे ३१ विभाग असतात. स्टाफा येते ‘मॅलिन’ विभागात.

ते ऐकताना लक्षात ठेवायचे शब्द असे. ‘इमिनंट’ म्हणजे ६ तासांच्या आत, ‘सून’ म्हणजे ६ ते १२ तासांत (घरची सून नव्हे!) आणि ‘लेटर’ म्हणजे १२ ते २४ तासांत. वाऱ्याचा ‘४’ म्हणजे ताशी २० ते २८ किलोमीटर, ‘६’ म्हणजे ३९ ते ४९, ‘८’ म्हणजे ६२ ते ७४. लाटांचे शब्द वेगळे: ‘स्लाइट’ म्हणजे अर्धा ते सव्वा मीटर, ‘मॉडरेट’ म्हणजे अडीच मीटरपर्यंत, ‘रफ’ म्हणजे चार मीटरपर्यंत. आम्ही वाऱ्याचा आकडा वाचला आणि लाटांचा शब्द सोडून दिला.

आता सहलीचा बेत असा करावा:

१. मलवर निदान तीन रात्री राहावे आणि स्टाफा पहिल्याच सकाळी ठेवावे. ती फेरी चुकली, तर पुढच्या दोन सकाळी हातात राहतात.

२. परतीच्या फेरीनंतर एक दिवस मोकळा ठेवावा. वादळात मोठी फेरीही रद्द होते. दुसऱ्याच दिवशी विमान किंवा ऑफिस नको. औषधे दोन दिवसांची जास्त घ्यावीत.

३. पफिन पक्षी ऑगस्टच्या सुरुवातीला समुद्रात निघून जातात, म्हणून शाळेची सुट्टी लागताच निघावे.

४. फेरी रद्द झाल्यास पैसे परत मिळतात का, स्टाफाचा धक्का आणि गुहेची वाट खुली आहे का, हे पैसे भरण्याआधी विचारावे.

५. पावसाळी दिवसासाठी दुसरा बेत तयार ठेवावा. फिनफोर्टसमोर आयोना बेट आणि तिथला जुना मठ आहे. छोट्या फेरीने दहा मिनिटांत पोचता येते. मात्र तीही बंद होऊ शकते.

६. बोटवाला नाही म्हणाला तर कोणीही वाद घालायचा नाही. आम्ही तर नाहीच नाही.

मुलांनो, तुमच्यासाठी एक काम. जूनमधले चार आठवडे रोज ‘मॅलिन’चा अंदाज वहीत मराठीत लिहा: वारा किती, लाट कशी. महिन्याच्या शेवटी मोजा, त्यातल्या किती दिवशी तुम्ही आजीला बोटीत बसवले असते.

आमच्या आजी या वर्षी येणार नाहीत, गुडघ्याचे ऑपरेशन आहे. फोनवर त्यांनी एवढेच विचारले, “या वेळी किती दिवस ठेवलेत?” आम्ही सांगितले, तीन. त्या म्हणाल्या, “मग बघाल.”