ग्रीन कार्डावरची तारीख

अमेरिकेच्या ग्रीन कार्डावर नाव-फोटोबरोबर एक तारीख छापलेली असते, माणूस त्या देशाचा कायम रहिवासी झाला त्या दिवसाची. पुण्या-नाशिकहून मुलांकडे कायमचे राहायला गेलेल्या कित्येक आईवडिलांना ती तोंडपाठ असते, कारण सरकारी आरोग्य विम्याचा त्यांचा हिशेब तिथूनच सुरू होतो.

सुरुवातीला हा हिशेब इतका कडक नव्हता. १९६५ साली राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी ज्येष्ठांसाठी मेडिकेअर आणि गरिबांसाठी मेडिकेड आणले. सरकारी मदतीत नागरिक नसलेल्यांशी होणाऱ्या भेदभावाचा प्रश्न कोर्टात नेला तो मूळच्या मेक्सिकोच्या कार्मेन रिचर्डसन यांनी. त्या १९५६ पासून ॲरिझोनात राहत होत्या, तरी नागरिक नाहीत आणि पंधरा वर्षे झालेली नाहीत म्हणून राज्याने त्यांना अपंगत्वाची मदत नाकारली. १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती अट रद्द केली. पण पाचच वर्षांनी, १९७६ मध्ये, त्याच न्यायालयाने मेडिकेअरच्या एका भागासाठी संसदेने घातलेली पाच वर्षांच्या वास्तव्याची अट मान्य केली. राज्यांना जे करता येत नव्हते, ते केंद्राला करता येऊ लागले.

१९८६ च्या कायद्याने इमर्जन्सीत आलेल्या रुग्णाला कागदपत्रे न बघता तपासणे आणि त्याची प्रकृती स्थिर करणे इस्पितळांवर बंधनकारक केले. असंख्य जीव त्यामुळे वाचले. मधुमेहाची रोजची गोळी मात्र त्यात येत नाही.

मोठा घाव बसला तो २२ ऑगस्ट १९९६ रोजी. बिल क्लिंटन यांनी सही केलेल्या कायद्यानुसार त्या दिवशी किंवा त्यानंतर आलेल्या बहुतेक ग्रीन कार्डधारकांना मेडिकेडसाठी पाच वर्षे थांबणे भाग पडले. कर पहिल्या दिवसापासून भरायचा, आजारपणात आधार मात्र सहाव्या वर्षी. हा अन्याय होता.

तो थोडाथोडा कमी होत गेला. २००९ मध्ये मुले आणि गरोदर स्त्रियांना ही पाच वर्षे माफ करण्याची मुभा राज्यांना मिळाली. २०१० च्या ओबामा यांच्या कायद्याने कायदेशीर स्थलांतरितांना अनुदानित विमा खुला केला. पाच वर्षे न भरलेल्या गरीब ग्रीन कार्डधारकांचाही त्यात विचार होता, आणि थकलेल्या आईवडिलांना प्रथमच परवडेल असा विमा मिळाला. कागदपत्रे नसलेल्यांना मात्र या कायद्याने उभ्या केलेल्या विमा बाजारात पदरचे पूर्ण पैसे मोजूनही विमा घेता येत नव्हता. त्यांच्यासाठी कॅलिफोर्निया पुढे आले: २०१६ मध्ये मुलांना आणि टप्प्याटप्प्याने २०२४ पर्यंत सर्व वयाच्या गरिबांना राज्याने आपल्या मेडिकेडमध्ये सामावून घेतले.

२०२५ मध्ये वारे फिरले. कॅलिफोर्नियाने तंगीमुळे जानेवारी २०२६ पासून कागदपत्रे नसलेल्या प्रौढांची नवी नोंदणी थांबवायचे ठरवले. ४ जुलै २०२५ रोजी डोनाल्ड ट्रम्प यांनी सही केलेल्या कायद्याने निर्वासितांचे मेडिकेड ऑक्टोबर २०२६ पासून, एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्यांचे विमा अनुदान २०२७ पासून बंद करायचे ठरले. पाच वर्षे न भरलेल्या गरीब ग्रीन कार्डधारकांचे अनुदान तर जानेवारी २०२६ पासूनच काढून घेतले.

त्यामुळे सुट्टीला भारतात आलेले हे आईवडील परतताना पुन्हा केमिस्टकडे जातात. बीपीच्या आणि साखरेच्या गोळ्यांच्या पट्ट्या मोजून घेतात, डॉक्टरांची चिठ्ठी वर ठेवतात आणि पिशवी हातातल्या बॅगेत भरतात.