विकृतीचे अनुकरण : गिटारच्या अंकीय प्रतिरूपकाविषयी काही विचार

विद्युत्-गिटार वाजविणारी तरुण मंडळी आजकाल तीस किलो वजनाचा ध्वनिवर्धक उचलून न नेता, जाडजूड ग्रंथाएवढी एक पेटी पिशवीत घालून कार्यक्रमास जाताना दिसतात. ह्या पेटीस ते 'मॉडेलर' म्हणतात. आपण तीस प्रतिरूपक म्हणू. निर्वात नलिकांच्या, म्हणजे आपल्या जुन्या रेडिओच्या भाषेत 'व्हॉल्व्ह'च्या, ध्वनिवर्धकांतून गिटारचा जो आवाज निघतो, तो गणिताच्या साहाय्याने निर्माण करणे हे तिचे कार्य. आमच्या विभागातील एका विद्यार्थ्यास जुना व्हॉल्व्हचा ध्वनिवर्धक आणि नवे प्रतिरूपक ह्यांपैकी एकच परवडत होते, आणि ध्वनिविज्ञान शिकविणाऱ्यास हे ठाऊक असणारच अशा समजुतीने त्याने मला सल्ला विचारला. त्या निमित्ताने जे वाचन व श्रवण घडले, त्याचा सारांश येथे देत आहे.

विषय आपल्या क्षेत्राबाहेरचा वाटेल, परंतु तो तसा नाही. गुन्नार फान्ट ह्यांनी १९६० साली मांडलेला वाणीचा उपपत्तिविचार आपणांस परिचित आहे : स्वरतंतूंचे कंपन हा उगम, आणि मुखविवर व नासाविवर ही त्या उगमास आकार देणारी गाळणी. गिटारच्या बाबतीत तार व तिच्याखालील चुंबकी ग्राहक हा उगम होय, आणि ध्वनिवर्धकाचा बारा इंची कर्णा व त्याची लाकडी पेटी ही गाळणी. हा कर्णा सेकंदास सुमारे ५,००० कंपनांच्या वरचे ध्वनी फारसे बाहेर सोडीत नाही. म्हणूनच कर्णकटू होऊ शकणारा आवाज सुसह्य होतो. मात्र ह्या दोहोंच्या मध्ये वाणीच्या साध्या प्रतिमानात नसलेली एक गोष्ट आहे. ती म्हणजे विकृती, आणि सगळी अडचण तेथेच आहे.

ध्वनिवर्धकाचे मूळ काम आवाज मोठा करणे एवढेच होते. त्यावर पेलवेल त्याहून अधिक भार टाकला म्हणजे ध्वनिलहरींचे माथे सपाट होतात आणि मूळ नादात नसलेले उपस्वर उत्पन्न होतात. अभियंत्यांच्या दृष्टीने हा दोष होता. १९५१ साली मेंफिस येथे 'रॉकेट ८८' हे गीत मुद्रित झाले, तेव्हा गिटारवादक विली किझार्ट ह्याच्या ध्वनिवर्धकास वाटेत इजा झाली होती आणि त्यात कागद कोंबून काम भागविले गेले, असे सांगतात. घरघरणारा तो आवाज लोकांस आवडला. पुढे १९६४ साली 'किंक्स' ह्या इंग्लिश वाद्यवृंदातील डेव्ह डेव्हिस ह्याने तर आपल्या ध्वनिवर्धकाचा कर्णा दाढीच्या पात्याने बुद्ध्याच चिरला. 'गो' ह्या शब्दाची गावी, गोणी, गोता, गोपोतलिका ही रूपे पतंजलीने अपभ्रंश म्हणून नोंदविली. आणि ज्या भाषेत हा लेख लिहिला जात आहे ती तशाच अपभ्रंशांची संतती आहे. जे कालपर्यंत चुकीचे, तेच आज प्रमाण ठरते, हा अनुभव आपल्या शास्त्रास नवा नाही.

ही विकृती मनमानी नसते. २०० व ३०० कंपनांचे दोन स्वर, म्हणजे षड्ज आणि पंचम, एकदम वाजविले तर विकृतीमुळे त्यांच्या वजाबाकीचा १०० आणि बेरजेचा ५०० कंपनांचा असे आणखी स्वर उमटतात. पहिला खालच्या सप्तकातील षड्जच असल्याने नादास भरीवपणा येतो. गांधाराचे तसे नाही. गिटारचे पडदे समविभाजित असल्याने तिचा गांधार किंचित चढा लागतो, त्यापासून निघणारी नवी कंपने परस्परांशी जुळत नाहीत आणि आवाज गढूळ होतो. रॉक संगीतात षड्ज-पंचमाच्या जोडीचा एवढा वापर का, ह्याचे उत्तर पुष्कळ अंशी व्हॉल्व्हमध्ये आहे.

आता अनुकरणाकडे वळू. कर्णा व त्याची पेटी हा भाग जवळजवळ रेखीय आहे : आत दुप्पट घातले तर बाहेर दुप्पट येते. अशा वस्तूस एकच सूक्ष्म ठोका देऊन तिचा प्रतिसाद टिपून ठेवला, की त्या प्रतिसादावरून अन्य कोणत्याही ध्वनीचे रूप गणिताने काढता येते. व्हॉल्व्हचा भाग मात्र हळू वाजविल्यास एक व जोरात वाजविल्यास निराळेच उत्तर देतो. शिवाय त्याला एक प्रकारची स्मृती असते. जोरदार आघातानंतर वीजपुरवठ्याचा दाब क्षणभर खचतो व मग सावरतो, त्यामुळे पुढचा स्वर मागच्यावर अवलंबून राहतो. वादक ज्याला 'बोटांखालची लवचिकता' म्हणतात, ती बहुधा हीच.

ह्या भागाचे अनुकरण करण्याच्या दोन रीती आहेत. पहिलीत ध्वनिवर्धकाच्या मंडलातील प्रत्येक घटकाचे समीकरण मांडून ती सर्व समीकरणे क्षणोक्षणी सोडविली जातात. लाइन सिक्स ह्या अमेरिकन संस्थेने १९९८ साली आणलेल्या 'पॉड' नावाच्या लहानशा यंत्राने प्रतिरूपके घरोघरी पोचविली. तेव्हाची गणकशक्ती तोकडी होती, पण पुढे २००६ पासून फ्रॅक्टल ऑडिओच्या 'अॅक्स-एफएक्स' सारख्या यंत्रांनी ही वाट बरीच पुढे नेली. दुसऱ्या रीतीत आतील रचनेचा विचारच करीत नाहीत. ध्वनिवर्धकात ठराविक ध्वनी सोडावयाचे, बाहेर काय येते ते टिपावयाचे, आणि तसेच वागणारे एक रूप तयार करावयाचे. २०११ साली बाजारात आलेला जर्मन 'केंपर' ह्याच पद्धतीचा. २०१६ साली वाणीच्या कृत्रिम निर्मितीसाठी 'वेव्हनेट' नावाचे चेताजाल रचण्यात आले, आणि २०१९ साली फिनलंडमधील आल्टो विद्यापीठातील संशोधकांनी त्याच धर्तीचे जाल व्हॉल्व्हच्या ध्वनिवर्धकाचे अनुकरण करण्यास शिकविले. वाणीसाठी घडविलेले साधन गिटारच्या उपयोगी पडले, ही गोष्ट ह्या पत्रिकेच्या वाचकांस विशेष रोचक वाटावी.

हा भेद आपल्या ओळखीचा आहे. एक व्याकरणकार सूत्रे बांधतो. दुसरा शेकडो तासांचे संभाषण मुद्रित करून त्यावरून भाषेची वागणूक शिकतो. दुसऱ्याचे अनुकरण कित्येकदा अधिक हुबेहूब असते, परंतु जे ऐकले नाही त्याविषयी ते मुके राहते. टिपून घेतलेले रूप सामान्यतः ध्वनिवर्धकाच्या कळा एका विशिष्ट ठिकाणी असतानाचे असते. खर्जाची कळ मूळ यंत्रात फिरवली असती तर काय झाले असते, हे त्याला ठाऊक नसते. समीकरणांच्या रीतीत तशी अडचण येत नाही, मात्र मांडलेली समीकरणेच अपुरी असली तर काय होणार, हा प्रश्न तेथे उरतोच.

अंकीय पद्धतीचा एक जुना दोष विशेष सांगण्यासारखा आहे. सेकंदास ४८,००० नमुने घेतले तर २४,००० कंपनांपलीकडचे काही त्यात मावत नाही. विकृतीमुळे ५,००० कंपनांच्या घटकाचा सातवा उपस्वर ३५,००० वर जातो. तो नाहीसा न होता उलट वळून १३,००० वर येऊन बसतो, आणि १३,००० ही ५,००० ची पट नव्हे. मूळ नादाशी नाते नसलेला असा उपरा ध्वनी कानास काचेच्या ओरखड्यासारखा जाणवतो. नमुन्यांची संख्या चौपट-आठपट वाढवून आता तो पुष्कळ आटोक्यात आणतात. विलंबाची तक्रार त्या मानाने मला फुगविलेली वाटते. चांगल्या स्वतंत्र प्रतिरूपकाचा विलंब सेकंदाच्या हजारांश भागात मोजला तर दोन ते पाच भरतो. तेवढ्या वेळात ध्वनी हवेतून फार तर पावणेदोन मीटर जातो. आपल्या ध्वनिवर्धकापासून त्याहून दूर उभे राहून वाजविणारे थोडे आहेत काय?

खरी हानी पेटीच्या बाहेर आहे. लोंबार्ड ह्यांनी १९११ साली दाखवून दिले की गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवितो. बोलणारा स्वतःचे बोलणे ऐकत असतो आणि त्यानुसार बोलतो. गिटारवादकाचेही तसेच आहे. मोठ्या आवाजातील ध्वनिवर्धकासमोर उभे राहिले असता हवेतील कंपने तारेस पुन्हा जागी करतात व स्वर हातातून सुटला तरी गुणगुणत राहतो. जिमी हेंड्रिक्सच्या वादनातला मोठा भाग ह्या परतीच्या नादावर उभा आहे. कानांवर श्रवणयंत्र चढवून वाजविले की हे वर्तुळ तुटते, आणि कोणतेही समीकरण ते सांधीत नाही. शिवाय बहुतेक प्रतिरूपके ध्वनिवर्धकाचे नव्हे, तर त्यापुढे ठेवलेल्या ध्वनिग्राहकास जे ऐकू येते त्याचे अनुकरण करतात. श्रोत्याने ध्वनिमुद्रिकेवर आजवर तेच ऐकले आहे. त्याचे काहीच बुडत नाही. वादकाचे बुडते. 'खरे की कृत्रिम' हा वाद मिटत नाही ह्याचे एक कारण असे, की दोन्ही पक्ष आपापल्या जागी उभे राहून बरोबरच बोलत असतात.

लाभाची बाजू थोडक्यात सांगता येते, कारण ती उघड आहे : वजन, किंमत, आणि पातळ भिंतींच्या घरात रात्री दहानंतरही वाजविता येणे. व्हॉल्व्ह झिजतात, आणि ते बनविणारे कारखाने जगात आता मोजकेच आहेत. २०२२ साली रशियाने निर्यातीवर निर्बंध घातले, तेव्हा गिटारवादकांत एकच धास्ती पसरली होती. उलटपक्षी, साठ वर्षांपूर्वीचा व्हॉल्व्हचा ध्वनिवर्धक कुशल कारागीर आजही दुरुस्त करतो. प्रतिरूपकातील आज्ञावलीचा सांभाळ तिच्या निर्मात्याने सोडला की मग त्या पेटीचे करायचे काय? मला सर्वांत अधिक खटकते ते निराळेच. ह्या यंत्रांत शेकडो आवाज असले तरी ते बहुतांशी फेंडर, मार्शल, व्हॉक्स अशा थोड्याच घराण्यांचे. कोणा कारागिराने आपल्या गावी बांधलेला, किंचित वाकडा बोलणारा ध्वनिवर्धक त्यात सहसा सापडत नाही. टिपून घेण्याच्या रीतीने त्याचेही रूप जतन होऊ शकेल; बोलींच्या सर्वेक्षणाप्रमाणे ते काम कोणीतरी हाती घ्यावे लागेल, एवढेच.

विद्यार्थ्यास मी एवढेच सांगितले, की दोन्ही ऐकताना आवाजाची पातळी मापकाने तंतोतंत सारखी करून घे, कारण किंचित मोठा असलेला आवाज कानास नेहमीच अधिक चांगला वाटतो. आणि कोणते यंत्र चालू आहे ते तुला न कळेल अशी व्यवस्था मित्राकडून करवून घे. त्याने तसे केले. मित्र वाजवीत असता दुरून ऐकताना त्याला दोहोंतला फरक सांगता आला नाही. स्वतः वाजवू लागताच आला. त्याची खोली भाड्याची आहे आणि शेजारी एक वृद्ध दांपत्य राहते. त्याने प्रतिरूपक घेतले, आणि महिन्यातून एकदा, मित्राच्या गावच्या मोकळ्या गोदामात, तो जुना ध्वनिवर्धक वाजवून येतो.