पोत्यावरचं नाव आणि आतली भुकटी

दंतमंजन किंवा टूथपेस्टचा छोटा कारखाना काढणाऱ्याला पहिला सल्ला मिळतो तो असा: 'कॅल्शियम कार्बोनेट सगळं सारखंच, स्वस्त असेल ते उचला.' सूत्र सारखं असतं, भुकटी नव्हे. संगमरवर किंवा चुनखडी नुसती दळूनही ती मिळते. चुनखडी भाजून, चुना विझवून, त्याच्या दुधाळ पाण्यात कार्बन डायऑक्साइड सोडूनही मिळते. दुसऱ्या रीतीत कण किती बारीक हवा हे बरंचसं आपल्या हातात राहतं. पहिल्या रीतीत दगडातली वाळूही सोबत दळली जाते, आणि घोळ तिथेच आहे. कठीणपणाच्या मोहस् मापावर कॅल्साइट, म्हणजे स्फटिकी कॅल्शियम कार्बोनेट, ३, दाताचं इनॅमल साधारण ५, वाळूतलं क्वार्ट्झ ७.

भुकटीत वाळू किती हे ओळखायला प्रयोगशाळेत फार काही लागत नाही. तोललेली भुकटी विरल हायड्रोक्लोरिक आम्लात टाकली की फसफसून विरघळते. तळाशी जे उरतं ते गाळायचं, धुऊन वाळवायचं, तोलायचं. हा आकडा पुरवठादाराच्या प्रमाणपत्रावर नसेल तर माल परत पाठवलेला बरा.

'खरखरीत तेवढं स्वच्छ' हा समज विटेच्या भुकटीपासून चालत आलाय. पण हिरड्या मागे सरकल्या की मुळाशी उघडं पडतं ते डेंटिन, आणि ते इनॅमलपेक्षा बरंच मऊ. म्हणून झीज डेंटिनवरच मोजतात. प्रमाण पदार्थाला १०० धरून येणाऱ्या या आरडीए (डेंटिनची सापेक्ष झीज) आकड्याची टूथपेस्टसाठीच्या आयएसओ ११६०९ मानकातली कमाल मर्यादा २५० आहे.

सिलिका म्हणजे वाळू, हीही अशीच भीती. टूथपेस्टमधली सिलिका सोडियम सिलिकेटपासून बनवतात. ती स्फटिकी नसते.

'नैसर्गिक म्हणजे निर्धोक' यावर तर बोलायलाच नको. लाल दंतमंजनातला गेरूही खाणीतूनच येतो. म्हणून त्यातलं शिसं आणि आर्सेनिक प्रत्येक खेपेत तपासावं लागतं.

सर्वांत महाग पडणारा गैरसमज मात्र फ्लोराइडचा: कुठलंही घाला, चालतं. खडूच्या, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्या, पेस्टमध्ये सोडियम फ्लोराइड घातलं तर कॅल्शियम त्याला धरून ठेवतं, न विरघळणारं कॅल्शियम फ्लोराइड बनतं आणि दाताला फारसं काही मिळत नाही. एकूण फ्लोराइडचा आकडा तेवढाच दिसत राहतो, म्हणून चूक लवकर कळत नाही. त्यामुळे खडूसोबत सोडियम मोनोफ्लोरोफॉस्फेट वापरतात. तेही हळूहळू फुटतं, तेव्हा विरघळलेलं फ्लोराइड ट्यूब भरल्या दिवशी मोजून भागत नाही, मुदत संपत आलेल्या ट्यूबमध्येही मोजावं लागतं.