गाडी बाहेर, गिऱ्हाईक आत!

14 मे 1940. जेमतेम पाव तासाचा जर्मन बॉम्बवर्षाव, मागोमाग आग, आणि नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम शहराचा मध्यभाग बेचिराख! सुमारे 80,000 लोक बेघर झाले.

पण माहीत आहे का? चौथ्याच दिवशी नव्या शहराच्या आराखड्याचं काम सोपवून झालं होतं. आणि राडारोडा? तो चक्क कालव्यांत! कालवे बुजवून जागा मोकळी. याला म्हणतात सुपरफास्ट!

‘जुनं होतं तस्संच बांधू’ असा हट्ट मात्र रॉटरडॅमनं धरला नाही. 1946 च्या आराखड्यानं जुन्या गल्लीबोळांना सरळ टाटा केला.

आता हिरोची एन्ट्री! ऑक्टोबर 1953, लाइनबान. फक्त पायी फिरणाऱ्यांसाठी मुद्दाम बांधलेला युरोपातला अगदी सुरुवातीचा शॉपिंग स्ट्रीट. गाड्यांना नो एन्ट्री! मग दुकानांत माल कसा यायचा? मागच्या दारानं. ट्रकसाठी पाठीमागे वेगळी गल्ली. पुढे बाकडी, फुलझाडं आणि दुकानांना लागून सलग छत. मधूनमधून तर हे छत रस्ता ओलांडून समोरच्या दुकानांना भिडतं. त्यामुळे डच पाऊस कोसळत असला तरी विंडो शॉपिंग कोरडं! नामवंत अमेरिकी लेखक लुईस ममफर्डही या रस्त्यावर फिदा झाले होते. 2010 मध्ये तर या शॉपिंग स्ट्रीटला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला. बाजाराचा असा भाव वधारलेला कधी पाहिलाय?

शेजारीच 1957 चं बायनकॉर्फ डिपार्टमेंट स्टोअर, डिझाइन मार्सेल ब्रॉयर यांचं. नगररचनेचा आग्रह होता, की इथे इमारत रस्त्याकडे पुढे यायला हवी. ती काही आली नाही. तिच्या जागी नाउम गाबो यांचं 26 मीटर उंच शिल्प उभं राहिलं. इमारतीऐवजी कला! असा जुगाड आपल्याला तर जाम आवडला.

मग 1996 मध्ये दुकानं जमिनीखाली सरकली. वरून कूलसिंगल रस्त्याची वाहतूक, खालून खरेदी!

आणि 2014 ची मार्क्टहाल? घोड्याच्या नालेसारखी भलीमोठी कमान. कमानीत 228 फ्लॅट, पोटात मंडई आणि छतावर 11,000 चौरस मीटरचं फळं-भाज्या-मासळीचं अवाढव्य चित्र. काही फ्लॅटच्या खिडक्या तर थेट मंडईच्याच बाजूला. भाजी ताजी आहे का, घरातूनच बघा!

आत जायला तिकीट नाही. मान वर करून करून अवघडेल, तेवढी तयारी ठेवा.