जुना लॅपटॉप भंगारात टाकण्यापूर्वी

विंडोज १० ला मिळणारा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम आणि टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते. तेव्हा दहा-बारा वर्षांचा लॅपटॉप भंगारवाल्याला द्यायचा की काय, हा प्रश्न अनेक घरांत उभा आहे. वाचकहो, घाई करू नका, एवढेच आमचे सांगणे. मुलांचा अभ्यास, नोकरीचे अर्ज, मराठी टायपिंग त्यावर अजून होऊ शकते.

आधी प्रोसेसर ३२ बिट की ६४ बिट, हे पाहा. निम्मा निर्णय इथेच होतो. उबुंटूने ३२ बिट केव्हाच सोडले. डेबियननेही ऑगस्ट २०२५ मधील १३ व्या आवृत्तीपासून त्याचा इन्स्टॉलर बंद केला. अशा यंत्राला डेबियन १२ वर बेतलेले अँटीएक्स २३ बरे. ६४ बिट आणि निदान २ जीबी रॅम असेल, तर लुबुंटू किंवा मिंटची एक्सएफसीई आवृत्ती घ्यावी. पप्पी लिनक्स तर रॅममध्येच चालते; हार्डडिस्क गेलेला लॅपटॉपही पेनड्राइव्हवर उठतो.

मात्र प्रणाली हलकी झाली म्हणून ब्राउझर हलका होत नाही. १ जीबीत एका वेळी दोन-तीन पानांपुढे जाऊच नये. पैसे घालायचेच तर एसएसडीवर घालावेत, असे आमचे मत.

या सर्व प्रणाली मोफत आहेत. पेनड्राइव्हवरून आधी चालवून पाहा: वायफाय लागते का, आवाज येतो का. मगच बसवा, आणि त्यापूर्वी घरचे फोटो, दाखले दुसरीकडे उतरवून घ्या. बसवताना डिस्क पुसली जाऊ शकते.