औषधाच्या दुकानातली पाच मिनिटे

तुर्भे स्टोअरला राहणाऱ्या आमच्या ओळखीच्या एका मावशींना डॉक्टरांनी इन्सुलिन लिहून दिले. रोज सकाळी २० युनिट. मुलाने बाटली एका दुकानातून आणली, सिरिंज दुसऱ्या. मावशी नेमाने टोचत होत्या, पथ्यही पाळत होत्या. तरी साखर उतरेना. घरचे म्हणू लागले, "तू चोरून गोड खातेस." शेवटी एका फार्मासिस्टने बाटली आणि सिरिंज शेजारी ठेवून पाहिली. बाटली ४० ची, सिरिंज १०० ची! २० च्या रेघेपर्यंत भरूनही अंगात जात होते फक्त ८ युनिट. दोष मावशींचा नव्हता. त्यांना कुणी शिकवलेच नव्हते.

बंधुभगिनींनो, ही चूक कुणाच्याही घरी होऊ शकते. आपल्याकडे इन्सुलिनची बाटली बहुधा दर मिलिलिटरला ४० युनिटची असते. तिला लाल टोपणाची सिरिंज लागते. १०० युनिटच्या बाटलीला नारिंगी टोपणाची. पेनमधले इन्सुलिनही बहुतेक १०० चे असते. ते ४० च्या सिरिंजने ओढले तर २० ऐवजी ५० युनिट जातील आणि जिवावर बेतेल.

हे समजावून सांगणे ही दुकानदाराची मेहेरबानी नव्हे. १९४८ च्या फार्मसी कायद्याने चिठ्ठीवरचे औषध देण्याचे काम नोंदणीकृत फार्मासिस्टकडे सोपवले आहे आणि २०१५ च्या नियमांनी रुग्णाला औषधाची माहिती देणे हे त्याचे कर्तव्य ठरवले आहे. म्हणून दिघा असो की नेरूळ, न लाजता म्हणावे, "फार्मासिस्ट कोण आहेत? एकदा करून दाखवा. मग मी तुमच्यासमोर करून दाखवते."

आम्ही शिकलो ते थोडक्यात सांगतो. दुधी रंगाचे इन्सुलिन तळहातांत हलके घोळवावे, जोराने हलवू नये. पोटावर बेंबीपासून दोन-तीन बोटे सोडून टोचावे आणि जागा रोज बदलावी. एकाच जागी टोचले तर गाठ येते व औषध नीट लागू पडत नाही. पेन असेल तर दहा अंक मोजून मगच सुई काढावी. न उघडलेले इन्सुलिन फ्रिजमध्ये ठेवावे, पण बर्फाच्या कप्प्यात नको. गोठलेले वापरू नये. फ्रिज नसेल तर बाटली बंद डब्यात घालून तो डबा पाण्याच्या माठात ठेवावा. उघडलेली बाटली साधारण चार आठवडेच वापरावी.

घाम फुटला, हातपाय थरथरले, डोळ्यांपुढे अंधारी आली तर साखर उतरली असे समजावे. शुद्धीवर असताना लगेच तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालू नये, तडक दवाखान्यात न्यावे. वर्षावासात उपोसथ करणाऱ्या उपासक-उपासिकांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

आणि वापरलेली सुई? ती कचऱ्यात तशीच टाकू नका. जाड प्लास्टिकच्या बाटलीत साठवा, झाकण घट्ट लावा आणि ती कुठे द्यायची ते दवाखान्यात विचारा. पहाटे तो कचरा उचलणारा हात पुष्कळदा आपल्याच भावाबहिणीचा असतो.

कित्येकांना वाटते, इन्सुलिन सुरू झाले म्हणजे सगळे संपले. बाबासाहेबांनाही मधुमेह होता, त्यांनाही इन्सुलिन घ्यावे लागे. पाय ठणकत, रात्री झोप येत नसे. तशा दुखण्यातच ते ग्रंथ लिहीत राहिले आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात त्यांनी लाखोंना धम्मदीक्षा दिली. मग सुई घेण्यात कसली लाज?

आम्ही एवढेच सुचवतो : एखाद्या रविवारी वंदना झाल्यावर जवळच्या फार्मासिस्टला विहारात बोलवा. घरोघरच्या बाटल्या, सिरिंजा, पेन घेऊन बसा आणि एकेकाने करून दाखवा. कुणी सांगितले म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या, ही तर तथागतांचीच शिकवण आहे. जय भीम!